दादाची पाठ

बैलाचा खांदा कसा बघायचा हे मला बाबांनी मी आठ वर्षांचा असताना शिकवले. नांगर सोडला, जू उतरवले, की पहिला हात बैलाच्या खांद्यावर ठेवायचा. तळहात नाही, पालथा हात. पालथ्या हाताला ऊब लवकर कळते. खांदा कढत लागला, कातडी ताठ झालेली लागली, तर दुसऱ्या दिवशी तो बैल जुवाखाली जायचा नाही. मग पाऊस असो की लावणी अर्ध्यावर राहिलेली असो. "कातडी फाटान रगात येयपर्यंत थांबलंस, तर तू शेतकरी न्हय," असे बाबा म्हणत. पन्नास वर्षे मी बैल हाकले, पण माझ्या हातून कुठल्या बैलाला खांदा आला नाही. हे मी अभिमानाने सांगत असे. आता सांगत नाही. का, तेच लिहायचे आहे.

मी १९७६ साली दहावी झालो आणि शाळा सुटली. आमचे घर बांद्याला, तेरेखोल नदीपासून हाकेच्या अंतरावर. भाताचे चार कुणगे, थोडी काजी, हापूसची कलमे आणि परसात माड. माझा थोरला भाऊ, दादा, सातवीतच शाळा सोडून शेतात उतरला होता. "एकट्यान तरी शिकाक व्हया," म्हणून त्याने मला दहावीपर्यंत ढकलले. माझ्या अंगात जी काही अक्षरे आहेत ती त्याच्या घामाची आहेत.

२००६ सालच्या नोव्हेंबरात दादा परसातल्या माडावरून पडला. त्या माडावर तो शंभर वेळा चढला असेल. सकाळी दंव पडले होते, पाय सरकला. खाली येऊन बघतो तर शुद्धीवर होता, बोलत होता. फक्त म्हणाला, "माजे पाय खंय गेले?" पाय जागेवरच होते. त्याला ते लागत नव्हते.

आम्ही त्याला मोठ्या इस्पितळात नेले. कुठल्या ते लिहीत नाही. लिहून कुणाचे भले होणार नाही, आणि तिथल्या डॉक्टरांनी त्याचा जीव वाचवला हेही खरे आहे. मणका मोडला होता. कमरेखाली संवेदना गेली ती गेलीच. ऑपरेशन झाले. आम्हाला कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगितले होते, "पाठीला धक्का लावू नका." ते वाक्य मी गाठ मारून ठेवले. अकरा दिवस मी त्याच्या खाटेजवळ बसून होतो. पेज भरवली, तोंड पुसले, माशा वारल्या. पण त्याला हलवले नाही आणि कुणाला हलवू दिले नाही.

बाराव्या दिवशी चादर बदलताना वास आला. शेतकऱ्याला हा वास ओळखीचा असतो. दादाला कुशीवर केले, तर माकडहाडावर तळहाताएवढा काळा डाग. कडेने ओल सुटलेली. दोन्ही टाचांनाही तसेच, रुपयाएवढे. दादा विचारत होता, "काय झाला रे?" त्याला काहीच दुखत नव्हते. दुखत नव्हते हेच तर सगळ्या संकटाचे मूळ होते. तुम्ही-आम्ही झोपेतही कूस बदलतो, कारण दुखते. ज्याला दुखत नाही त्याचे शरीर त्याला हाक मारत नाही.

मी रात्रपाळीच्या सिस्टरवर तुटून पडलो. पंचविशीतली पोर असेल. सगळ्या वॉर्डासमोर ओरडलो, "पगार कित्याचो घेतास? माणूस कुजता आणि तुमी कागद लिवतास?" ती काही वेळ गप्प उभी राहिली. मग हळू आवाजात म्हणाली, "काका, चाळीस पेशंट आहेत. मी एकटी आहे." तिच्या हातात सलाइनची बाटली होती आणि पलीकडच्या खाटेवरचा म्हातारा तिला बोलावत होता. ती तिकडे गेली. मी मागून आणखी दोन शब्द बोललो. ते इथे लिहिण्यासारखे नाहीत.

त्या रात्री बाकावर झोप आली नाही. पहाटेच्या सुमारास बाबांचा पालथा हात आठवला. बैलाच्या खांद्यावर रोज हात ठेवणारा मी, सख्ख्या भावाच्या पाठीखाली अकरा दिवसांत एकदाही हात घातला नव्हता. ती पोर चाळीस जणांची होती. मी एकाचाच होतो.

दादाला घरी आणला तेव्हा जखमेत हाड दिसत होते. सर्जनने मेलेली काळी कातडी कापून काढली होती आणि खड्डा उरला होता. नारळाची करवंटी बसेल एवढा. वयनीने एकदा बघितले आणि ती मागच्या पडवीत जाऊन बसली. शेजारीपाजारी येऊन औषधे सांगू लागले. कुणी रानमोडीचा रस, कुणी हळद आणि खोबरेल, कुणी शेणीची राख. आमच्याकडे कोयता लागला की रानमोडीचा पाला चुरगळून दाबतातच, त्यात खोटे काही नाही. मीही पाला आणून ठेवला होता.

तेवढ्यात आरोग्य केंद्रातल्या सिस्टर आल्या. चाळिशीच्या, मालवणी बोलणाऱ्या, स्कूटीवरून. त्यांनी पाला बाजूला सारला. म्हणाल्या, "भाऊ, कोयत्याचो घाव वरसून आत जाता. हो घाव हाडाकडसून भायर इलोहा. ह्येका पालो पुरूचो नाय." मग त्यांनी आम्हाला समजावले. झोपलेल्या माणसाचे हाड खालून गादीवर दाबते आणि मधल्या मांसाचे रक्त थांबते. पाण्याचा पाट दगड टाकून अडवला की पुढचा वाफा सुकतो, तसे. तास-दोन तास दाब राहिला तरी मधले मांस मरायला लागते. वरची कातडी सगळ्यात शेवटी फुटते. म्हणून डाग दिसतो तेव्हा आतले नुकसान आधीच मोठे झालेले असते.

त्यांनी आम्हाला कामे वाटून दिली. दिवसरात्र दर दोन तासांनी कूस बदलायची. ओढायचे नाही, चादरीसकट उचलायचे. ओढले की कातडी गादीला चिकटून राहते आणि हाड पुढे सरकते, आतल्या शिरा ताणून तुटतात. कुशीवर करताना पूर्ण आडवे नाही, पाठीला उशी लावून तिरके ठेवायचे, म्हणजे कमरेच्या हाडावरही भार येत नाही. गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली उशी, टाचा अधांतरी. वयनीने कुणाच्या तरी सांगण्यावरून चुंबळीसारखी गोल उशी शिवली होती, मधे भोक असलेली. सिस्टरनी ती काढायला लावली. मधली जागा मोकळी राहते, पण कडेने दाब बसतो आणि मधल्या मांसाचे रक्त आणखी तुटते. लाल झालेल्या जागी स्पिरिट लावून चोळायचीही त्यांनी बंदी केली. "आमकाच पयली तसा शिकयलला," त्या म्हणाल्या, "पाठ चोळा, पावडर लावा. आता कळला, लाल झाली काय चोळूची नाय. आत मरणारा मांस चोळल्यार बेगीन मरता."

जखम सलाइनच्या पाण्याने धुवायची. गॉज जखमेत कोंबायचा नाही, सैल भरायचा. लघवी-परसाकडची ओल अंगावर राहू द्यायची नाही. आणि खाणे. दादाला आम्ही आजारी म्हणून पेज आणि लोणचे देत होतो. सिस्टर म्हणाल्या, "भिंत बांधूची आसा आणि तुमी नुसता पाणी घालतास. चिरे खंय?" त्या दिवसापासून अंडी, बांगडे, तारले आणि कुळथाची पिठी सुरू झाली.

मी शाळेतल्यासारखा तक्ता केला. भिंतीवर खडूने घड्याळ काढले. सहाला डावी, आठला उताणा, दहाला उजवी. वयनी दिवसा, मी रात्री. दादाची मुलगी तेव्हा नववीत होती. पहाटे चारची पाळी तिने आपणहून घेतली. चारला उठायची, बापाला वळवायची आणि कंदिलाजवळ अभ्यासाला बसायची. न्हाव्याकडे असतो तसा एक हातातला आरसा मी बांद्याच्या बाजारातून आणला. कूस बदलताना तो पाठीमागे धरून दादाला दाखवायचो. पहिल्यांदा त्याने तोंड फिरवले. पुढे तोच विचारायला लागला, "आज किती भरला?" खड्डा तळातून भरून येत होता, तांबडा, दाणेदार, डाळिंबासारखा. आठ महिने लागले. पावसाळा सुरू झाला तेव्हा जखम मिटली.

दादाची मुलगी नर्स होणार हे त्या पहाटच्या चारच्या पाळीतच ठरले असावे. बारावीनंतर तिने नर्सिंगचा कोर्स केला आणि एका इस्पितळात लागली. सुटीत घरी आली की आपल्या वह्या माझ्यापुढे टाकायची. त्यातून मला बऱ्याच गोष्टी कळल्या. पुण्याच्या सेवासदनाने, रमाबाई रानड्यांच्या काळात, ससून इस्पितळात बायकांना परिचारिकेचे शिक्षण देण्याची सोय केली. घरातल्या विधवा बाईला उंबरा ओलांडू न देणारे ते दिवस. रोग्याच्या अंगाला हात लावायचा म्हणजे केवढा धीर लागला असेल!

फ्लॉरेन्स नाइटिंगेल या बाईचेही तिने सांगितले. त्यांनी १८५९ सालच्या आपल्या पुस्तकात लिहिले आहे की रोग्याला शय्याव्रण झाला तर तो दोष बहुधा रोगाचा नसतो, शुश्रूषेचा असतो. हे ऐकून मी म्हटले, "मगे मी त्या पोरीक बोललंय ता बरोबरच." पुतणी म्हणाली, "काका, फुडला वाच." पुढे बाईंनी लिहिले होते की दोष दर वेळी परिचारिकेचाच असतो असे मात्र नाही. इमारत वाईट असेल, व्यवस्था वाईट असेल, तर शुश्रूषा करणेच अशक्य होते. मी वही मिटून ठेवली.

सिस्टर लोकांचे काम काय असते ते मी २०१७ साली जवळून बघितले. त्या वर्षी आमच्या बांदा भागात माकडतापाची साथ होती. रानात माकडे मरत होती आणि ऐन काजीच्या दिवसांत माणसे तापाने पडत होती. आरोग्य केंद्रातल्या बाया घरोघर फिरून गोचीड लागू नये म्हणून अंगाला लावायचे तेल देत होत्या, लस टोचत होत्या, रक्त घेत होत्या. त्यातच नेहमीची बाळंतपणे आणि लहान मुलांचे डोस. त्या धावपळीतही आमच्या त्या सिस्टर पाच मिनिटे दादाला बघून गेल्या. पाठीवर पालथा हात फिरवला आणि म्हणाल्या, "बरी आसा."

दादा २०१८ च्या पावसात गेला, हृदयविकाराने. आंघोळ घालताना मी त्याची पाठ बघितली. जुना वण होता, चंद्रकोरीसारखा, पण कातडी कुठे फुटलेली नव्हती. बारा वर्षे खाटेवर काढलेला माणूस अखंड पाठीने गेला.

२०२३ च्या एप्रिलात पुतणीचा फोन आला. ती आता वॉर्डची जबाबदारी बघते. तिला नर्सांना जखमा आणि कातडीची काळजी शिकवायचे काम दिले होते. कंटाळून बोलत होती. "काका, दोन तासांचा लेक्चर ठेवलंय. पंचवीसांतली सात इली. त्यातली दोन नायटीहून इली होती, ती बसल्या जाग्यार न्हिदली. शिकूचा नाय असा न्हय, तेंका येळच नाय. काय करू?"

मी नर्स नाही, पण वेळ नसलेल्या माणसाला शिकवणे म्हणजे काय हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. लावणीच्या दिवसांत कुठला शेतकरी तालुक्याला शिबिराला जाईल? आम्हाला भाताची चारसूत्री पद्धत कळली ती कशी? डॉ. नारायण सावंत यांनी बसवलेली ती पद्धत. भाताचे तूस, पेंढा वाया न घालवता परत जमिनीला द्यायचा, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडायचा, दोरीवर नेमक्या अंतराने लावणी करायची आणि चार चुडांच्या मध्ये खताची एक गोळी खोचायची. चारच गोष्टी, बोटांवर मोजता येणाऱ्या. कृषी सहायक मेरेवर आला, चिखलात उतरला, दोरी धरली आणि दहा मिनिटांत गेला. ते आजही लक्षात आहे. पुतणीला म्हटले, "तूय मेरेवर जा. चारच गोष्टी सांग. आणि हातात कायतरी दी." ती म्हणाली, "हातात काय दिव?" मी म्हटले, "आंबे धाडतंय."

मे महिन्यात दोन पेट्या घेऊन मी स्वतःच गेलो. एक पेटी खायची. दुसऱ्या पेटीतला प्रत्येक आंबा मी आठ दिवस आधी पाटावर ठेवून वर दगडाचे वजन दिले होते. दुपारी दोनला पाळी बदलते. सकाळच्या नर्सा जायच्या आणि दुपारच्या यायच्या, त्या दहा मिनिटांत पुतणीने सगळ्यांना एका खाटेभोवती उभे केले. एकेकीच्या हातात एकेक आंबा दिला.

"बरो आसा काय खराब, बघान सांगा."

वरून आंबे पिवळेधमक. सगळ्या म्हणाल्या, बरो. मग तिने दाबायला सांगितले. दोघी-तिघींना एका बाजूला पोचट लागले. सुरी फिरवली. आत कोयीजवळ काळे पडलेले, पाणी सुटलेले. कुणी काही बोलले नाही. तिने दाखवले, कोय म्हणजे हाड. साल सगळ्यात शेवटी फुटते. पुस्तकातल्या चित्रांत गोऱ्या माणसाची लाल झालेली कातडी असते. आपल्या सावळ्या कातडीवर तो लाल रंग दिसत नाही. म्हणून नुसते बघायचे नाही, हात लावायचा. शेजारच्या जागेपेक्षा कढत आहे का, टणक आहे का, पोचट आहे का. बोट दाबून उचलले की डाग जात नसेल तर ती पहिली पायरी. तिथेच थांबवायचे.

मग तिची चारसूत्री. हात लावून बघा. वळवा. कोरडे ठेवा. खायला घाला.

एक वयस्क सिस्टर होत्या, त्या म्हणाल्या, "बाई, हे सगळे कळते. पण रात्री दोघी आणि पन्नास पेशंट. दर दोन तासांनी पन्नास जणांना वळवायचे म्हणजे सकाळपर्यंत आम्हालाच खाटेवर घ्यावे लागेल." सगळ्या हसल्या, पण प्रश्न खरा होता.

पुतणीने त्याचीही तयारी केली होती. इंग्लंडात डोरीन नॉर्टन नावाच्या एका परिचारिकेने १९६२ साली म्हाताऱ्या रोग्यांचा अभ्यास करून एक साधी गुणपत्रिका बनवली. तब्येत, शुद्ध, हिंडणे-फिरणे, अंग हलवणे आणि लघवी-परसाकडचा ताबा, या पाच गोष्टींना प्रत्येकी चारपासून एकपर्यंत गुण. एकूण २०. ज्याचे गुण १४ किंवा त्याहून कमी, त्याला धोका. पुढे १९८७ साली अमेरिकेतल्या बार्बरा ब्रेडन आणि नॅन्सी बर्गस्ट्रॉम यांनी त्याच वाटेने आणखी बारीक पत्रिका केली. त्यात खाणे आणि घर्षणही धरले. पुतणी म्हणाली, "पन्नासांना वळवायचे नाहीच. दाखल होतानाच एकेकाचे गुण मांडा. पन्नासांत सहा निघतील, सात निघतील. तेवढ्यांच्या खाटेवर घड्याळाचा कागद लावा. आणि त्यांचा जो नातेवाईक बाकावर बसून आहे ना, त्याला बाहेर हाकलू नका. त्याला एकदा हात धरून वळवायला शिकवा. मणक्याचा पेशंट असेल तर तिघांनी ओंडका फिरवतात तसा एकदम फिरवायचा, तेही करून दाखवा. तो माणूस घाबरलेला असतो. त्याला काम द्या."

तिथे तिने माझ्याकडे बघितले. मी बोलेन असे ठरलेले नव्हते. मी भिंतीजवळ रिकामी पेटी घेऊन उभा होतो.

मी त्यांना बैलाचा खांदा सांगितला. दादाचे अकरा दिवस सांगितले. मग त्या रात्रीच्या पोरीचे सांगितले. म्हटले, "तिचा नाव माका ठाऊक नाय. आता ती तुमच्यातल्या ह्या सिस्टरांएवढी झाली असतली. मी तिका सगळ्यांसमोर बोललंय, म्हणान सगळ्यांसमोर सांगतंय, चूक माजी होती. तिना माका कोणी तरी शिकयल्यान असता, तर मी वळयलंय असतंय. पण तिकाय कोणी येळ दिलो नाय." पुढे आवाज निघेना. त्या वयस्क सिस्टरनी मला बसायला स्टूल दिले आणि म्हणाल्या, "काका, आम्हाला रोज कोणी ना कोणी बोलून जाते. परत येऊन सांगणारे तुम्ही पहिलेच." मग घड्याळाकडे बघून त्या निघाल्या. दहा मिनिटांची सोळा झाली होती आणि सलाइन संपत आले होते.

पुढच्या वेळी पुतणी घरी आली तेव्हा मी विचारले, काही फरक? ती म्हणाली, सगळ्या काही करत नाहीत. पण सात खाटांवर घड्याळ लागते, आणि रात्री कुणी ना कुणी नातेवाईक उठून आपल्या माणसाला वळवताना दिसतो. एका नव्या पोरीने एका म्हातारीच्या टाचेची ऊब वेळेवर ओळखली आणि पोटरीखाली उशी दिली. टाच फुटली नाही. "तीच येवन सांगल्यान माका, नाचत," पुतणी म्हणाली.

मला आता साखर आहे. तीन वर्षे झाली. पायाच्या तळव्याला पहिल्यासारखे कळत नाही. गेल्या पावसात चिखलात उतरलो तेव्हा बोटांच्या बेचक्यात चिखल्या झाल्या आणि एक खडा चपलेत दिवसभर रुतला, मला पत्ताही लागला नाही. पुतणी खूप ओरडली. तिच्या हुकमाने आता अनवाणी कुणग्यात जायचे नाही, रोज पाय धुऊन बोटांच्या मधून कोरडे करायचे, टाचांच्या भेगांना मुठेल लावायचे पण बेचक्यात लावायचे नाही, आणि झोपताना तळवे बघायचे.

तळवे स्वतःचे स्वतःला दिसत नाहीत. म्हणून दादाचा तो आरसा मी माजघरातल्या खुंटीवरून काढतो. दिवा जवळ घेतो, आधी डावा पाय, मग उजवा. पालथा हात फिरवतो. वयनी आतून विचारते, "बरो आसा मा?" मी म्हणतो, "आज बरो आसा," आणि आरसा पुसून परत खुंटीला लावतो.